गोडाधोडात तिरफळ : ‘शेजवान’चा खरा मसाला आणि त्याचा कोकणी भाऊबंद

सायंकाळ झाली की बीड, अंबाजोगाई, परळी वा माजलगाव अशा कोणत्याही गावच्या चौकात चायनीजच्या गाड्यांवर कढया तापू लागतात. फळ्यावर ‘शेजवान राइस’, ‘शेजवान नूडल्स’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. अलीकडच्या काळात वडापाव, डोसा आणि सँडविच यांच्या मागेही हा शब्द जाऊन बसला आहे. तथापि, ज्या मसाल्यामुळे चीनमधील सिचुआन प्रांताचे जेवण जगात ओळखले जाते, तो मसाला या पदार्थांत बहुधा औषधालाही नसतो. लाल मिरची, लसूण, तेल, व्हिनेगर आणि थोडी साखर यांची ती चटणी असते. चव चांगली असेलही. पण नावाचा आणि जिन्नसाचा तेथे संबंध उरलेला नाही.

खरी सिचुआन मिरी दिसायला तांबूस, फुटलेल्या टरफलासारखी असते. ती जिभेवर तिखट लागत नाही, तर मुंग्या आणते. तिला लिंबाच्या सालीसारखा सुवास असतो आणि याच सुवासामुळे गेल्या काही दशकांत जगभरातील बेकरीवाल्यांनी व मिठाई करणाऱ्यांनी तिला केक, बिस्किटे, चॉकलेट व आइस्क्रीम यांत स्थान दिले आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष बाब अशी, की या मिरीचा सख्खा भाऊबंद आपल्याच राज्यात, कोकणात पिकतो. त्याचे नाव तिरफळ. गोमंतकात त्याला तेफळ असेही म्हणतात. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात मात्र तिरफळाची फारशी ओळख नाही. सीताफळ, गूळ आणि खवा यांनी समृद्ध असलेल्या या भागात हा मसाला गोड पदार्थांत कसा वापरता येईल, तो कसा ओळखावा व कोणती काळजी घ्यावी, याची ही माहिती.

नाव एक, वस्तू दुसरी

‘शेजवान’ हा सिचुआन या नावाचा भारतीय उच्चार होय. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९७० च्या दशकात ‘गोल्डन ड्रॅगन’ हे उपाहारगृह सुरू झाले आणि सिचुआन पद्धतीचे जेवण भारतीय शहरी ग्राहकांना परिचित झाले. तेथून हा शब्द रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत पोहोचला. वाटेत मूळ मिरी गळून पडली आणि तिची जागा सुक्या लाल मिरचीने व लसणाने घेतली. तिखटाची सवय असलेल्या भारतीय जिभेला त्यात काही उणे वाटले नाही.

चिनी भाषेत या मसाल्याला ‘हुआजिआओ’ म्हणतात. त्यातील ‘जिआओ’ या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. काळी मिरी भारताकडून चीनमध्ये गेली, तेव्हा तिला परदेशी जिआओ अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढे अमेरिका खंडातून मिरची आली, तेव्हा तिला तिखट जिआओ म्हटले गेले. म्हणजे मूळ जिआओ ती हीच आणि बाकी सारी नंतर आलेली. हान राजवटीच्या काळात राण्यांच्या महालाच्या भिंतींना लिंपण्यासाठी ही मिरी मातीत कालवली जात असे. सुवास, ऊब आणि झुपक्याने लागणाऱ्या फळांमुळे वंशवृद्धीचे प्रतीक, अशी त्यामागची भावना होती. त्या महालांना ‘मिरीचे घर’ असेच म्हटले जाई.

नावांचा घोळ भारतातही कमी नाही. किराणा दुकानात तिरफळ मागितले, तर पुष्कळदा त्रिफळा चूर्णाची पुडी हातात पडते. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा व आवळा. त्याचा तिरफळाशी काही संबंध नाही. केकच्या सजावटीसाठी मिळणारी गुलाबी मिरी हीदेखील सिचुआन मिरी नव्हे. ती काजूच्या कुळातील वनस्पतीची फळे असून, काजू-पिस्त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी तिच्यापासून जपून राहावे, असे सांगितले जाते. चक्रफूल हाही वेगळाच मसाला आहे.

लिंबाच्या कुळातील मसाला

सिचुआन मिरी आणि तिरफळ या दोन्ही वनस्पती ‘झँथोझायलम’ या प्रजातीत मोडतात आणि ही प्रजाती ‘रूटेसी’ कुळातील आहे. लिंबू, मोसंबी, संत्रे, कढीपत्ता, बेल आणि कवठ हे सारे याच कुळाचे सदस्य. परळी वैजनाथाला वाहिला जाणारा बेल, महाशिवरात्रीला गूळ घालून केली जाणारी कवठाची चटणी, गेवराई परिसरातील मोसंबीच्या बागा आणि रोजच्या फोडणीतला कढीपत्ता अशा रूपांत या मसाल्याचे नातलग बीड जिल्ह्यात घरोघरी आहेत. तिरफळ चुरडल्यावर येणारा संत्र्याच्या सालीसारखा वास हा या नात्याचाच पुरावा होय.

या प्रजातीच्या अनेक जाती आशियात पसरल्या आहेत. चीनमधील लाल मिरी ही एक जात. उत्तराखंड व नेपाळ येथे मिळणारा तिमूर ही दुसरी. संस्कृत ग्रंथांतील तुंबरू तो हाच समजला जातो. त्याच्या काड्यांनी दात घासण्याची पद्धत हिमालयाच्या पायथ्याशी आजही आढळते. जपानमधील ‘सान्शो’ ही तिसरी आणि पश्चिम घाटातील तिरफळ ही चौथी. उत्तर अमेरिकेतील काही जातींना तर दातदुखीचे झाड असेच नाव पडले आहे. साल चघळली की हिरडी बधिर होते, हे त्याचे कारण.

तिरफळाचे झाड उंच वाढते व त्याच्या खोडावर शंकूच्या आकाराचे जाड काटे असतात. त्यामुळे फळे काढणे हे कसबाचे काम आहे. पावसाळ्यात झाडावर हिरव्या फळांचे घोस लागतात. ती उतरवून उन्हात वाळवली, की टरफल तडकते आणि आतील काळे चकचकीत बी बाहेर पडते. वापरायचे ते टरफल. बी टाकून द्यायचे. कोकण, गोवा आणि कारवार पट्ट्यात बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांच्या आमटीत तिरफळ हमखास असते. तेथील गृहिणी ते वाटणात वाटत नाहीत. पाच-सहा फळे किंचित ठेचून शेवटी रश्श्यात सोडतात. वाटले तर कडवटपणा उतरतो, हा त्यांचा अनुभव. गोड पदार्थ करतानाही हाच धडा उपयोगी पडतो.

जिभेवर नेमके काय घडते

मिरचीचा दाह आणि या मसाल्याची झिणझिणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मिरचीतील घटक उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतो. सिचुआन मिरीत ‘सान्शूल’ नावाचे संयुग असते. जपानी सान्शोवरूनच त्याला हे नाव मिळाले. ते स्पर्श जाणणाऱ्या मज्जातंतूंवर परिणाम करते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात असे मांडले, की हे संयुग मज्जापेशींतील पोटॅशियमची काही विशिष्ट द्वारे बंद करते आणि त्यामुळे त्या पेशी उद्दीपित होतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१३ मध्ये केलेला प्रयोग अधिक रंजक आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या ओठांना ही मिरी लावली आणि बोटाच्या टोकाला यंत्राद्वारे निरनिराळ्या वेगाची कंपने दिली. ओठावरची झिणझिणी बोटावरच्या कोणत्या कंपनासारखी वाटते, हे त्यांना सांगावयाचे होते. उत्तर आले, सेकंदाला सुमारे ५० कंपने. म्हणजे ओठ प्रत्यक्षात थरथरत नसतानाही मेंदूला तो थरथरत असल्याचा निरोप मिळतो.

मिठाई करणाऱ्याच्या दृष्टीने या शास्त्राचा अर्थ साधा आहे. पहिली गोष्ट, सान्शूल पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत सहज उतरते. म्हणून साखरेच्या पाकापेक्षा तूप, लोणी, साय आणि आटीव दूध ही या मसाल्याची खरी माध्यमे आहेत. दुसरी, उष्णता, प्रकाश आणि ओलावा यांनी ते हळूहळू नष्ट होते. जुनी, उघड्या बरणीतली पूड वापरली तर नुसता भुसा खाल्ल्यासारखे होते. तिसरी, सुवास देणारी तेले उडून जाणारी असतात. भट्टीत दीर्घकाळ भाजल्या जाणाऱ्या पदार्थात सुवास कमी आणि झिणझिणी थोडी अधिक उरते, तर वरून भुरभुरवलेल्या पुडीत दोन्ही टिकतात.

गोडात मसाला ही आपलीच रीत

गोड पदार्थात मिरी घालायची, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु मराठी स्वयंपाकाला ती नवी नाही. रामनवमी व गोकुळाष्टमीला वाटला जाणारा सुंठवडा हा तिखट-गोडाचाच संयोग आहे. पुरणपोळीत जायफळ व वेलदोडा, काही घरांत सुंठ व बडीशेपही पडते. उत्तरेकडील थंडाईत काळी मिरी असतेच. गोडाचा मिट्टपणा मोडावा, जड पदार्थ पचावा आणि दुसरा घास खावासा वाटावा, हा या मसाल्यांचा हेतू.

तिरफळ मात्र कोकणातही परंपरेने गोडात पडत नाही. ते मासे आणि नारळाच्या रश्श्यांपुरते राहिले. त्यामुळे तिरफळाची बासुंदी किंवा नानकटाई हा आजचा प्रयोग आहे, जुनी रीत नव्हे, हे स्पष्ट केलेले बरे. या कुळातील मसाल्याचा गोडात जुना वापर पाहायचा असेल तर जपानकडे वळावे लागते. तेथे ‘किरिसान्शो’ नावाची मिठाई आहे. तांदळाच्या पिठीत साखर व सान्शोची पूड घालून ती वाफवतात, मळतात आणि बोटाएवढ्या काड्या कापतात. मोदकाची उकड काढणाऱ्या हातांना ही कृती परकी वाटणार नाही. टोकियोत नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या ‘तोरी-नो-इचि’ या जत्रेत ती शुभशकुनाची म्हणून विकली जाते.

बीडच्या जिन्नसांशी मेळ

हा मसाला कोणत्या चवींशी जुळतो, याचा विचार केला तर बीड जिल्ह्याला बाहेरून फार काही आणावे लागणार नाही. आंबट फळे, आंबा, सीताफळ, आले, गूळ, तीळ, शेंगदाणे, खवा आणि चॉकलेट यांच्याशी त्याचे उत्तम जमते. वेलदोड्याशी मात्र त्याची स्पर्धा होते. दोन्ही एकत्र घातले तर एकाचाही वास धड येत नाही. जायफळाचेही तसेच. केशर महाग आणि नाजूक. तिरफळापुढे ते हरवते.

सीताफळाचा उल्लेख येथे विस्ताराने करावयास हवा. बालाघाटाच्या डोंगररांगांतील या फळाला ‘बीडचे सीताफळ’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाई येथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. फळ पिकले की दोन-तीन दिवसांत उतरते, हा या पिकाचा जुना प्रश्न. गर काढून गोठवणे आणि त्याची रबडी, आइस्क्रीम, बासुंदी करणे हा त्यावरील एक मार्ग. मात्र सीताफळाचा गर तापवला, की कडवट होतो. म्हणून तो नेहमी थंड दुधातच मिसळतात. तिरफळाचा अर्क याच्या उलट, गरम दुधात उतरतो. अर्थात आधी मसाला दुधात, मग दूध गार आणि शेवटी गर, असा क्रम ठेवला तर दोन्हींचे गुण राखले जातात. जिल्ह्याच्या सीमेलगत, धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध आहेच. त्या खव्याच्या पेढ्यातही मसाल्याची चिमूट शोभते.

निवड आणि पूर्वतयारी

बीडच्या नेहमीच्या किराणा सामानात तिरफळ सहसा नसते. कोकणी जिन्नस ठेवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या दुकानांतून किंवा कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या मंडळींकडून ते मागवता येते. सिचुआन मिरी मोठ्या शहरांतील परदेशी जिन्नसांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळते. दोन्ही घेताना पूड घेऊ नये, अख्खी टरफले घ्यावीत. टरफले उघडलेली, आतून फिकट आणि बोटांत चुरडताच दरवळणारी असावीत. एक टरफल पुढच्या दातांनी चावून पाहावे. अर्ध्या-एक मिनिटात ओठाला मुंग्या आल्या नाहीत, तर माल जुना समजावा.

तिरफळ आकाराने मोठे, वाटाण्याएवढे आणि स्वभावाने अधिक उग्र असते. सिचुआन मिरी लहान, अधिक नाजूक व फुलांसारख्या वासाची. म्हणून एखाद्या कृतीत सिचुआन मिरी एक चमचा सांगितली असेल, तर तिरफळ अर्ध्या चमच्यापासून सुरू करावे.

प्रथम टरफले ताटात पसरून काळ्या बिया, देठ व काटे वेचून काढावेत. बी दाताखाली वाळूसारखे करकरते आणि त्याला चव नसते. या निवडण्यात आळस केला तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. निवडलेली टरफले कोरड्या तव्यावर मंद आचेवर एक-दोन मिनिटे, वास सुटेपर्यंतच गरम करावीत. रंग काळसर होऊ देऊ नये. करपलेले तिरफळ कडू लागते. पूर्ण गार झाल्यावर खलबत्त्यात किंवा मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवून बारीक चाळणीने चाळावे. चाळणीवर उरणारा पांढरट कोंडा टाकून द्यावा. पूड आठवड्यापुरतीच करावी. अख्खी टरफले घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेवावीत. पारा ४० अंशांवर जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात बरणी फ्रिजमध्ये ठेवणे उत्तम.

प्रमाण आणि काही कृती

पुढील प्रमाणे सौम्य चवीची आहेत. चमचा म्हणजे चहाचा सपाट चमचा.

सीताफळ बासुंदी : एक लिटर म्हशीचे दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्मे होईपर्यंत आटवावे. चार चमचे साखर घालून आच बंद करावी. अर्धा चमचा ठेचलेली तिरफळाची टरफले, किंवा एक चमचा सिचुआन मिरी, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून गरम दुधात सोडावी व झाकण ठेवावे. दहा मिनिटांनी दूध चाखावे. सुवास पुरेसा वाटला तर पुरचुंडी काढावी, अन्यथा आणखी पाच मिनिटे ठेवावी. दूध फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्यावरच बिया काढलेला एक वाटी सीताफळाचा गर हलक्या हाताने मिसळावा. गरात एकही बी राहू देऊ नये. सीताफळाचे बी विषारी असते व ते वाटले जाणे घातक.

नानकटाई : १२५ ग्रॅम घट्ट तूप व १०० ग्रॅम पिठीसाखर पांढरी व हलकी होईपर्यंत फेटावी. त्यात अर्धा चमचा सिचुआन मिरीची पूड, अथवा पाव चमचा तिरफळाची पूड आणि एका मोसंबीची किसलेली साल घालावी. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग घ्यावा, पांढरा भाग कडू असतो. मसाला पिठात न घालता तुपात घालण्याचे कारण वर आलेच आहे. नंतर २०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ चाळून मिसळावे. गोळे करून १७० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजावे. कडा किंचित गुलाबी झाल्या की बाहेर काढावेत. मसाल्याची चव दुसऱ्या दिवशी अधिक खुलते. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात मीठ वा वाळू तापवूनही ही नानकटाई होते. मात्र वेळ थोडा अधिक लागतो.

शेंगदाण्याची चिक्की : येथे मसाला पाकात उकळू नये. गुळाचा पाक झाला, शेंगदाणे मिसळले आणि मिश्रण लाटले, की गरम असतानाच वरून पाव चमचा पूड व तितकेच मीठ भुरभुरावे आणि लाटणे एकदा हलकेच फिरवावे. तिळाच्या वडीलाही हीच रीत लागू पडते.

आमरस वा फळांचे काप : साखर आणि मसाला २० चमच्यांना एक या प्रमाणात एकत्र कुटून बरणीत भरून ठेवावी. केशर आंब्याच्या फोडी, मोसंबीच्या सोललेल्या फोडी किंवा पेरू यांवर ही साखर चिमटीने घालावी. ज्यांना या मसाल्याची चव प्रथमच घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हीच पायरी सर्वांत सोपी व कमी खर्चाची.

केक करावयाचा झाल्यास मसाला केकमध्ये व वरच्या सायीत अशा दोन्ही ठिकाणी थोडा-थोडा घालावा. भट्टीत गेलेल्या मसाल्याची ऊब राहते आणि सायीतील मसाल्याचा सुवास राहतो. चॉकलेटच्या केकमध्ये हे विशेष जाणवते.

सावधगिरी

हा मसाला प्रथमच खाणारा माणूस घाबरू शकतो. ओठ बधिर होतात, लाळ सुटते, वर प्यायलेले पाणी किंचित आंबट-खारट लागते. ठाऊक नसेल तर आपल्याला काहीतरी बाधले, असाच समज होतो. म्हणून पाहुण्यांना, विशेषतः वृद्धांना व मुलांना, असा पदार्थ न सांगता वाढू नये. झिणझिणी जीभ आणि ओठ यांपुरती असेल व थोड्या वेळात ओसरत असेल तर काळजीचे कारण नाही. परंतु ओठांवर वा चेहऱ्यावर सूज, अंगावर पित्ताच्या गांधी किंवा श्वास घेण्यास त्रास अशी लक्षणे दिसल्यास तो मसाल्याचा नेहमीचा परिणाम नव्हे. तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आंबट फळांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी अगदी थोडे घेऊन पाहणे योग्य.

घरगुती बिस्किटे, लाडू वा केक विकणाऱ्या भगिनींनी व बचत गटांनी हा मुद्दा अधिक गांभीर्याने घ्यावा. वेष्टनबंद खाद्यपदार्थावर घटकांची यादी देणे बंधनकारक आहे. तिरफळ घातले असेल तर तिरफळ असेच लिहावे; ‘शेजवान’ या शब्दावर भागवू नये. त्या शब्दाने ग्राहकाच्या मनात लसणीची तिखट चटणी उभी राहते. अशा ग्राहकाच्या जिभेला गोड बिस्किटातून मुंग्या आल्या, तर तो पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही.

मोसंबीच्या बागांना इशारा

या मसाल्याच्या इतिहासात फळबागायतदारांनी लक्षात ठेवावा असा एक अध्याय आहे. अमेरिकेने १९६८ मध्ये सिचुआन मिरीच्या आयातीवर बंदी घातली. कारण आरोग्याचे नव्हते, तर शेतीचे होते. लिंबूवर्गीय झाडांवर पडणारा खैऱ्या, म्हणजेच कँकर, हा जीवाणूजन्य रोग याच कुळातील या मिरीमार्फत आपल्या बागांत शिरेल, अशी तेथील शेती खात्याला भीती होती. दीर्घकाळ ही बंदी कागदावर राहिली, २००२ च्या सुमारास तिची अंमलबजावणी कडक झाली आणि २००५ मध्ये ती उठवण्यात आली. मिरी तापवून जीवाणू नष्ट केलेले असावेत, ही त्यासाठी अट होती.

खैऱ्या भारतात नवा नाही. कागदी लिंबाच्या बागायतदारांना पाने, फांद्या आणि फळांवर उठणारे त्याचे खरबरीत तपकिरी डाग चांगलेच परिचित आहेत. तरीही परदेशातून अशा वनस्पतींच्या बिया किंवा रोपे हौसेने आणून लावणे धोक्याचे आहे. त्याबरोबर कोणती कीड वा रोगाचा कोणता नवा प्रकार येईल, हे डोळ्यांनी दिसत नाही. देशात वनस्पतींच्या आयातीला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे नियम लागू आहेत व परवान्याशिवाय रोपे-बियाणे आणणे बेकायदा ठरते. वाळलेला व पुढे तव्यावर भाजला जाणारा मसाला स्वयंपाकघरात वापरणे ही एक गोष्ट आणि मोसंबीच्या बांधावर त्याचे परदेशी रोप लावणे ही दुसरी. पाण्याच्या प्रत्येक आवर्तनाचा हिशेब ठेवून बाग जगवणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शहरातून हौसेने रोप घेऊन येणाऱ्या पाहुण्याला मात्र तो सांगावा लागेल.

तात्पर्य

सिचुआनची मिरी मिळाली नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर तिचा भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आहे. त्याला घाट ओलांडून मराठवाड्याच्या गोडाधोडात आणण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. बिया वेचण्याची चिकाटी, मंद आच, तुपाची वा दुधाची संगत आणि चमच्याऐवजी चिमटीने मोजणारा हात, एवढे पुरे. प्रारंभ पाव चमच्यापासून करावा. पहिल्या घासाला कोणी कपाळाला आठी घातली, तर पुढच्या खेपेस प्रमाण निम्मे करावे. आणि कोणी हात पुढे केला, तर या मसाल्याला बीडच्या फडताळात जागा मिळाली, असे समजावे.